मानेतील नीला, नळी आणि रक्ताची गुठळी

खरचटल्यावर रक्त गोठते आणि वाहणे थांबते, हे आपण वर्गात शिकवतो. पण हीच उपकारक प्रक्रिया रक्तवाहिनीच्या आत घडली तर?

कर्करोगावरील काही औषधे इतकी दाहक असतात, की हातातील बारीक नीलांना ती सोसत नाहीत. म्हणून मानेतील मोठ्या नीलेतून एक लवचीक नळी, म्हणजे कॅथेटर, हृदयालगतच्या ऊर्ध्व महानीलेपर्यंत सरकवतात. तेथे रक्ताचा प्रवाह मोठा असल्याने औषध लगेच विरळ होते. नीलेतून नळी हृदयापर्यंत नेता येते हे १९२९ साली जर्मन डॉक्टर वेर्नर फोर्समान यांनी स्वतःवरच प्रयोग करून दाखवले. १९५६ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

नीलेत गुठळी होण्याची तीन कारणे रुडॉल्फ व्हिर्खो यांच्या नावाने ओळखली जातात: दुखावलेले अस्तर, रक्ताची गोठण्याकडे वाढलेली प्रवृत्ती आणि मंदावलेला प्रवाह. येथे तिन्ही एकत्र येतात. नळी अस्तराला घासते. कर्करोगामुळे रक्त अधिक सहज गोठते. तिसरे कारण थोडे गणित करून पाहू.

नीलेचा व्यास १० मि.मी. आणि नळीचा २ मि.मी. धरू. नळीने काटछेदाचा फक्त ४ टक्के भाग अडतो. तरीही नळी बरोबर मध्यभागी असेल आणि दाब तोच राहिला, तर प्रवाह निम्म्याहून कमी होतो! कारण वाहिनीत द्रवाचा वेग मध्यभागी सर्वाधिक आणि भिंतीलगत शून्य असतो. नळीमुळे मध्यभागीच एक नवी भिंत उभी राहते. खरी नीला ताणली जाते आणि नळी बहुधा कडेला टेकते, त्यामुळे प्रत्यक्षात घट याहून कमी असते. पण दिशा तीच.

अशी गुठळी अनेकदा काहीच लक्षण दाखवत नाही. कधी मान, चेहरा किंवा हात सुजतो, दुखतो. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला तर जिवाला धोका असतो. म्हणून सूज चोळू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. धाप लागल्यास क्षणाचाही विलंब करू नये. निदान सोनोग्राफीने होते. हेपॅरिनसारखी औषधे गुठळी वाढू देत नाहीत. नळी गरजेची असून नीट चालत असेल, तर ती ठेवूनही उपचार करता येतात.

काम भागेल इतकी बारीक नळी वापरावी आणि गरज संपताच काढावी, हा नियम याच गणितातून येतो.