आधी माती, मग रान

परभणीच्या माणसाला मातीचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि पावसाळ्यात त्याच भेगा मिटवून फुगणारी काळी जमीन आपण लहानपणापासून पायाखाली घेतलेली असते. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा खडक झिजत झिजत ती तयार झाली. अशी जमीन माणसाच्या हातून होणं शक्य नाही, असंच आपण धरून चालतो.

म्हणून मुंबईतली एक जागा परभणीकरांनी मुद्दाम जाऊन पाहावी असं मला मनापासून वाटतं. शीव स्थानकापासून जवळ, धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. क्षेत्र सुमारे ३७ एकर. आत शिरताच वाहनांचा आवाज मागे पडतो, सावली गडद होते आणि तांबटाची ठोक-ठोक ऐकू येऊ लागते. नदीच्या बाजूला खारफुटी आहे. शेकडो जातींच्या वनस्पती इथे आहेत. पण पाहण्यासारखी खरी गोष्ट झाडांखाली आहे. ज्या जमिनीवर हे रान उभं आहे, तिच्या पोटात मुंबईचा कचरा आहे.

१९७७ पर्यंत ही शहराची कचरा टाकायची जागा होती. ती बंद झाल्यावर इथे निसर्ग शिक्षणाचं उद्यान करावं ही कल्पना पुढे आली. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाची भारतीय शाखा आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांनी ती उचलून धरली. १९८३ च्या जागतिक पर्यावरणदिनी पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांच्या हस्ते पहिलं झाड लागलं. लोकांसाठी उद्यान खुलं झालं ते २२ एप्रिल १९९४ ला. मधली अकरा वर्षं कुठे गेली? माझ्या मते सगळी नवलाई त्या अकरा वर्षांतच आहे.

कचऱ्याच्या ढिगावर खड्डा करून रोप लावलं तर ते बहुधा मरतं. दबलेल्या ओल्या कचऱ्यात हवा पोचत नाही. हवेवाचून जगणारे जिवाणू तिथे भाजीपाल्याची देठं, कागद, चिंध्या कुजवतात आणि त्यातून मिथेन व कार्बन डायऑक्साइड निघतात. गावाकडच्या गोबर गॅसच्या टाकीत हेच घडतं. इथे मात्र वायूला नळी नसते, तो वाट मिळेल तिथून वर येतो. वर येताना मातीतल्या पोकळ्यांमधली हवा बाहेर ढकलतो. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. त्यांना प्राणवायू मिळेनासा झाला की पाणी असूनही झाड वाळतं. शिवाय आत ऊब असते, कुजण्यातून झिरपणारं काळं पाणी असतं, आणि आतला कचरा जिरत गेला की जमीन एकीकडे खचत जाते.

म्हणून वर मातीचा थर द्यावा लागतो, आणि या थरात एक विलक्षण गोष्ट घडते. मिथेन खाऊन जगणारे जिवाणू तिथे वस्ती करतात. खालून येणारा वायू हेच त्यांचं अन्न. वरून झिरपणारा प्राणवायू वापरून ते त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. आपल्या पायाखाली, डोळ्यांना न दिसणारा एवढा मोठा कारभार चालू असतो!

अशा जागी द्विदल कुळातली झाडं फार कामाची ठरतात. करंज, शिरीष यांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. तूर-हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी आपल्या ओळखीच्या आहेत. बायोमिक्स हे जैविक मिश्रण घ्यायला परभणीच्या कृषी विद्यापीठात जाणारा शेतकरी तर मातीतल्या सूक्ष्मजीवांवर भरवसा ठेवूनच जातो. नत्र मिळाला की पानं वाढतात, पानं गळतात. गळलेल्या पानांवर बुरशी येते, वाळवी येते, गांडूळ येतं. पाचोळ्याचा ह्यूमस होतो, तो पाणी धरतो, आणि आणलेल्या निर्जीव भरावाची हळूहळू माती होते. मग नाजूक झाडांना जागा मिळते, त्यांच्या पानांवर अळ्या येतात, अळ्यांमागे पक्षी. लिंबाच्या कुळातलं झाड असेल तर ब्ल्यू मॉर्मनसारखं फुलपाखरू, म्हणजे आपलं राज्य फुलपाखरू, त्यावर अंडी घालू शकतं. या साखळीतली एकही कडी विकत आणून बसवता येत नाही. तिला वेळच द्यावा लागतो.

योगायोग असा की त्याच १९९४ साली जर्मनीत डुइसबुर्ग इथेही असंच एक उद्यान लोकांसाठी उघडलं. तिथे १९८५ मध्ये बंद पडलेला लोखंडाचा कारखाना होता. पीटर लात्स या रचनाकाराने झोतभट्ट्या पाडल्या नाहीत. वायूच्या प्रचंड टाकीत पाणी भरलं, तिथे आता पाणबुडे सराव करतात. अतिदूषित माती जुन्या बंकरांमध्ये कोंडून बंद केली. भट्टीच्या धातुमळीवर बर्चची झाडं आपोआप उगवली होती, ती त्यांनी तशीच राहू दिली. मला त्यांचा हा संयम फार मोठा वाटतो.

धारावीच्या पुनर्विकासाच्या चर्चेत महाराष्ट्र निसर्ग उद्यानाच्या जमिनीचा उल्लेख आला, तेव्हा अनेक मुंबईकर अस्वस्थ झाले. ते योग्यच होतं. इथली झाडं दुसरीकडे लावता येतील, पण चाळीस वर्षांत घडलेली ही माती उचलून नेता येणार नाही.

आपल्या जिल्ह्यातही गावोगावी कचऱ्याचे ढीग आहेत. तिथे वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठरला की आधी विचारावं: कचरा वेगळा काढला का, वायूला वाट ठेवली का, वर किती मातीचा थर आहे, पहिली झाडं कोणती, आणि पाचोळा झाडून जाळणार की जागेवरच राहू देणार? मुंबईतलं ते उद्यान पाहायला पावसाळा सरताना जावं. तेव्हा फुलपाखरं भरपूर असतात आणि झाडांखालच्या ओल्या पाचोळ्याला सुपीक शेताचा वास येतो.