जुन्या कार्यप्रणालीवर नवे गूढलेखन

गूढलेखनाचे साधन आणि ते ज्या कार्यप्रणालीवर चालते ती प्रणाली, या दोहोंचे आयुर्मान सारखे नसते. २०१४ साली प्रसिद्ध झालेली सेंटओएस ७ ही लिनक्स-प्रणाली याचे उदाहरण म्हणून घेता येईल. तिचा आधारकाल ३० जून २०२४ रोजी संपला. तथापि ज्या संगणकांवर वर्षानुवर्षे जमविलेली ध्वनिमुद्रणे, बोलींच्या नोंदी व निवेदकांची माहिती साठविलेली असते, ते एखाद्या तारखेस एकदम निवृत्त करता येत नाहीत. निवेदकाने विश्वासाने दिलेली माहिती सुरक्षितपणे पाठविता यावी, एवढ्यासाठी तरी अशा संगणकावर नवे गूढलेखन आणावे लागते. ते कसे आणावे आणि त्यात चूक कोठे संभवते, याचा विचार येथे केला आहे.

या प्रणालीतील ओपनएसएसएल १.०.२ या शाखेतील आहे. त्या शाखेचा सार्वजनिक आधार मूळ प्रकल्पाने २०१९ च्या अखेरीस थांबविला; वितरकाच्या दुरुस्त्याही २०२४ नंतर बंद झाल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला टीएलएस १.३ हा संकेत या शाखेस अवगत नाही. पायथॉन ३.१० व पुढील आवृत्त्यांचा एसएसएल विभागही किमान १.१.१ ही आवृत्ती मागतो. म्हणून ३.० या शाखेची मूळ संहिता आणून ती त्याच संगणकावर यंत्रभाषेत उतरविणे, म्हणजेच संकलित करणे, हा मार्ग उरतो.

पहिले काम संहितेच्या शुद्धतेची खात्री करण्याचे. एसएचए-२५६ची बेरीज जुळली, एवढ्यावर समाधान मानू नये. फाईल व बेरीज एकाच ठिकाणाहून घेतली असेल, तर फाईल वाटेत बिघडली नाही एवढेच त्यावरून सिद्ध होते. ती खऱ्या कर्त्याची आहे, हे अंकीय स्वाक्षरी तपासल्यावरच कळते.

संकलनास या प्रणालीतील जीसीसी ४.८.५ हा कंपायलर पुरेसा आहे. अडचण येते ती पर्लची. ओपनएसएसएलची पूर्वरचना पर्लमध्ये लिहिलेली असून, तिला लागणारा ‘आयपीसी-सीएमडी’ हा घटक पुष्कळदा संगणकावर नसतो. सेंटओएसची जुनी पॅकेजे आता ‘व्हॉल्ट’ या संग्रहात हलविलेली असल्याने तो घटक तेथून घ्यावा लागतो. संकलनानंतर ‘मेक टेस्ट’ ही चाचणी वगळू नये. गूढलेखनातील दोष वापरताना सहसा दिसून येत नाही.

खरा धोका स्थापनेच्या जागेत आहे. प्रणालीतील दूरप्रवेशाची सेवा, म्हणजे एसएसएच, जुन्याच लायब्ररीशी बांधलेली असते. १.१.० या आवृत्तीपासून लायब्ररीची अंतर्रचना बदलली असल्यामुळे नवी लायब्ररी जुन्या नावाने पुढे केली, तरी जुना प्रोग्रॅम तिच्याशी जुळत नाही. असा बदल केल्यास सेवा पुन्हा सुरू होत नाही, आणि दूरच्या संगणकात शिरण्याचे दारच बंद होते. म्हणून नवी प्रत ‘ऑप्ट’सारख्या स्वतंत्र निर्देशिकेत ठेवावी, जुनीस हात लावू नये, आणि नव्या लायब्ररीची वाट ‘आरपाथ’द्वारे जोडणीच्या वेळीच नोंदवावी. तसे न केल्यास लायब्ररी जागेवर असूनही ती सापडत नसल्याची तक्रार येते. कोणता प्रोग्रॅम कोणत्या लायब्ररीशी जोडला आहे, हे ‘एलडीडी’ या आज्ञेने पाहता येते.

आणखी एक गोष्ट. नवी प्रत मूळ प्रमाणपत्रे स्वतःच्या निर्देशिकेत शोधते, व ती प्रारंभी रिकामी असते. त्यामुळे पडताळणी अयशस्वी होते. अशा वेळी पडताळणीच बंद करण्याचा मोह होतो. परंतु मग संदेश गूढ राहिला, तरी तो कोणाच्या हाती पडला हे कळत नाही. प्रणालीतील प्रमाणपत्रांचा संच तिला दाखवून देणे, हाच योग्य उपाय होय. तो संचही जुना होत असल्याने अद्ययावत करावा लागतो.

अर्थात्, हाताने बसविलेल्या प्रतीस दुरुस्त्या आपोआप मिळत नाहीत. ३.० या शाखेच्या आधाराचीही मर्यादा ७ सप्टेंबर २०२६ अशी जाहीर झालेली आहे. आणि प्रणालीचा गाभा तर जुनाच राहतो. तात्पर्य, ही व्यवस्था सामग्री नव्या संगणकावर सुखरूप नेईपर्यंतची आहे. तिलाच कायमचा निवारा समजणे निवेदकांच्या विश्वासास धरून होणार नाही.