लहान तोंडी मोठा घास

२२ मे २०१०. सकाळी सहाच्या सुमारास दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळुरूला उतरत होतं. तिथला विमानतळ डोंगराच्या सपाट केलेल्या माथ्यावर आहे. धावपट्टी संपली की पुढे दरी. विमान असायला हवं होतं त्यापेक्षा बरंच उंचावर होतं. सहवैमानिकाच्या ते लक्षात आलं. उतरू नका, विमान पुन्हा वर घ्या, असं त्याने तीन वेळा सांगितलं. कॅप्टनने विमान उतरवलंच. आठ हजार फुटांच्या धावपट्टीवर चाकं टेकली ती सुमारे ५,२०० फूट ओलांडून गेल्यावर. विमान दरीत कोसळलं आणि १६६ जणांपैकी १५८ जणांचा मृत्यू झाला.

कॅप्टन प्रवासातला बराच वेळ झोपलेला होता, हे नंतरच्या चौकशीत उघड झालं आणि त्याची चर्चाही खूप झाली. त्याच अहवालातल्या आणखी एका निरीक्षणाकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. सहवैमानिकाच्या हातापाशीही विमानाचं नियंत्रण होतं, तरीही त्याने ते घेतलं नाही. तसं करण्याचा अधिकार त्याला नेमका केव्हा आहे, याबाबतच्या सूचनाच संदिग्ध होत्या. म्हणजे धोका दिसत होता, तो बोलूनही दाखवला गेला आणि तरीही पुढे काहीच झालं नाही.

अशा प्रसंगासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. मोठ्यांना उलट बोलू नये, शहाणपणा शिकवू नये, हे घरातच शिकवलं जातं. कार्यालयात एखाद्या कनिष्ठाला खरोखर महत्त्वाचं काही सांगायचं असलं, तरी तो सुरुवात करतो ती ‘लहान तोंडी मोठा घास घेतोय, पण...’ अशी. मुद्दा नंतर, माफी आधी. संस्कार म्हणून हे गोड वाटेल. पण गेली चाळीसहून अधिक वर्षं विमानवाहतूक आणि वैद्यक या दोन क्षेत्रांतले संशोधक या एका सवयीची किंमत मोजत आहेत, आणि ती बरीचशी मृत्यूंमध्ये मोजावी लागते.

१९७८ ते १९९० या काळात अमेरिकेत वैमानिकांच्या चुकांशी संबंधित ३७ मोठे अपघात झाले. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने ते तपासले, तेव्हा ८० टक्क्यांहून अधिक अपघातांत विमान कॅप्टनच्या हातात होतं असं दिसलं. एरवी कॅप्टन आणि सहवैमानिक आळीपाळीने विमान चालवतात. मग अनुभवी हातातच जास्त अपघात का? सहवैमानिक चुकला तर कॅप्टन त्याला लगेच टोकतो. कॅप्टन चुकला तर सहवैमानिक आधी विचार करतो, की बोलू का, कसं बोलू, साहेबांना काय वाटेल. आकाशात असा विचार करायला वेळ नसतो.

१९७७ साली तेनेरिफे बेटावर धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ जण मेले. विमानवाहतुकीच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा अपघात. परवानगी न घेता उड्डाण सुरू करणारा केएलएमचा कॅप्टन हा त्या कंपनीच्या जम्बो विमानांच्या प्रशिक्षणाचा प्रमुख होता. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची परीक्षा त्यानेच घेतली होती. कॅप्टनने पहिल्यांदा विमान पुढे काढलं तेव्हा सहवैमानिकाने त्याला अडवलं. दुसऱ्यांदा तो अडवू शकला नाही. समोरचं विमान बाजूला झालं नाही का, असं फ्लाइट इंजिनियरने विचारलंही. विचारलं फक्त, सांगितलं नाही. कॅप्टनने ठामपणे ‘झालं’ म्हटलं आणि विषय संपला.

विचारणं आणि सांगणं यांतला हा फरक संशोधकांनी नंतर बारकाईने अभ्यासला. पुढे वादळी ढग आहेत, अशा वेळी काय म्हणाल, असं वैमानिकांना विचारलं की कॅप्टन सरळ हुकूम देतात. सहवैमानिक मात्र बहुधा सूचक बोलतात. कार्यालयात रुळलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. ‘सर, ते आकडे एकदा बघून घ्यायचे का?’ या वाक्याचा खरा अर्थ ‘सर, आकडे चुकले आहेत’ असा असतो. बोलणाऱ्याला वाटतं, आपण सांगितलं. ऐकणाऱ्याला वाटतं, घाई नाही.

१९७८ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळ एक विमान चक्क इंधन संपल्याने कोसळलं. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतलेला होता आणि सहकारी इंधनाबद्दल आडून आडून सुचवत राहिले. पुढच्याच वर्षी नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि तिच्यातून ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ नावाचं प्रशिक्षण उभं राहिलं. त्यात कनिष्ठाला बोलायला शिकवतात आणि कॅप्टनला ऐकायला. दुसरा भाग जास्त अवघड, असं म्हणायला हरकत नाही. १९८९ साली सू सिटी इथे सगळी हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झालेलं विमान उतरवणारे कॅप्टन अल हेन्स यांनी आपलं यश याच प्रशिक्षणाच्या पदरात टाकलं. त्या दिवशी प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाने मदत देऊ केली. हेन्स यांनी त्याला कॉकपिटमध्ये घेऊन इंजिनांची शक्ती कमी-जास्त करण्याचं काम सोपवलं. २९६ पैकी १८४ जण वाचले.

रुग्णालयांना हे शहाणपण उशिरा आलं. ऑपरेशन थिएटरमधली उतरंड कॉकपिटपेक्षा कमी नसते. सर्जन ‘सर’ असतात आणि नर्स ‘सिस्टर’. अनेकदा तिचं नावही कुणाला ठाऊक नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी आणली. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी अशा तीन वेळा थांबून ती वाचायची. रुग्ण तोच ना, बाजू बरोबर ना, कापसाचे बोळे मोजले ना, असे मुद्दे त्यात आहेतच. शिवाय एक वरवर निरुपयोगी वाटणारा मुद्दाही आहे : खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. ज्याने एकदा तोंड उघडलं आहे, त्याला पुढे अडचणीच्या वेळी ते पुन्हा उघडणं सोपं जातं, हा त्यामागचा हिशेब.

ही यादी तयार करणाऱ्या गटाचे प्रमुख अतुल गावंडे. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातलं उटी. दिल्ली, मनिला, लंडन, टोरांटो अशा आठ शहरांतल्या रुग्णालयांमध्ये यादी वापरून पाहिल्यावर शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं आणि गुंतागुंतीचं प्रमाण ११ वरून ७ टक्क्यांवर. एका कागदाने इतकं होत असेल, तर तो सगळीकडे सक्तीचा का करू नये? कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने तो केला. तिथल्या १०१ रुग्णालयांची आकडेवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. जवळजवळ प्रत्येक शस्त्रक्रियेत यादी भरली गेल्याची नोंद मात्र होती. याची कारणमीमांसा अजून चालू आहे. पण वरून आलेला फॉर्म कसा भरला जातो, हे ज्याने एखाद्या कार्यालयात पाहिलं आहे, त्याला फारसं नवल वाटणार नाही. यादीतल्या खुणा म्हणजे बोलणं नव्हे.

मग बोलणं कुठे होतं? हार्वर्डमध्ये १९९०च्या दशकात पीएचडी करणाऱ्या एमी एडमंडसन यांच्या हाती याचं उत्तर जवळजवळ चुकून लागलं. रुग्णांना औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास चालू होता. ज्या वॉर्डात एकोपा चांगला आणि प्रमुख नर्स समर्थ, तिथे चुका कमी असणार, असा त्यांचा अंदाज होता. आकडे आले ते उलटे. चांगल्या वॉर्डांत चुका जास्त! पोटात गोळा यावा अशीच गोष्ट. मग त्यांनी एका सहायकाला, हे काहीही न सांगता, वॉर्डांमध्ये पाहणीसाठी पाठवलं. काही वॉर्डांत नर्स चुकांबद्दल मोकळेपणाने बोलत होत्या, प्रमुखाकडे स्वतःहून जात होत्या. इतर ठिकाणी चूक कळली तर धडगत नाही, असं वातावरण होतं. म्हणजे चांगल्या वॉर्डांत चुका जास्त होत होत्या असं म्हणता येत नव्हतं. तिथे त्या जास्त सांगितल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी त्या गादीखाली जात होत्या.

‘आमच्याकडे एकही तक्रार नाही’ असं अभिमानाने सांगणाऱ्या साहेबांनी हा अभ्यास जरूर वाचावा.

बोललं तर अपमान होणार नाही, या गटातल्या सामायिक खात्रीला एडमंडसन यांनी ‘मानसिक सुरक्षितता’ म्हटलं. पुढे हा शब्द व्यवस्थापनाच्या शिबिरांत इतका फिरला, की तो गुळगुळीत होऊन गेला. एकमेकांशी गोड बोलणं, कुणाचं मन न दुखावणं, काम न करणाऱ्यालाही सांभाळून घेणं, असे अर्थ त्याला चिकटले. एडमंडसन स्वतः हे पुन्हा पुन्हा खोडून काढतात. गोड गोड बोलणाऱ्या गटातही वाईट बातमी कुणी देत नाहीच.

उद्धटपणाचं काय? त्याबद्दल इस्रायलमध्ये झालेला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागातल्या डॉक्टर-नर्सच्या २४ गटांना सरावासाठी एक प्रसंग दिला होता : अपुऱ्या दिवसांचं बाळ, आतड्याचा गंभीर आजार, प्रकृती ढासळते आहे. एक परदेशी तज्ज्ञ हे पाहतो आहे, असं त्यांना सांगितलं. काही गटांपुढे तो त्या देशातल्या वैद्यकसेवेबद्दल सौम्य पण तिरकस बोलला. गटाच्या कामाशी त्याचा संबंध नव्हता. त्या गटांचं निदानही खालावलं आणि उपचारातलं हातकामही. कारण शोधताना दिसलं, की त्यांनी एकमेकांना माहिती कमी दिली आणि मदत कमी मागितली. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. नुसता एक टोमणा. रोज सकाळी मीटिंगमध्ये सर्वांसमोर झाडणाऱ्या प्रमुखाच्या हाताखाली काय होत असेल, याचा अंदाज करता येतो. ऑनलाइन मीटिंगमध्ये तर माइक बंद ठेवण्याची सोयच असते.

‘माझं दार सर्वांसाठी उघडं आहे’ हे वाक्य बहुतेक वरिष्ठ प्रामाणिकपणेच म्हणतात. पण उंबरा ओलांडण्याची जोखीम ते समोरच्यावर टाकतात. मीटिंगच्या शेवटी ‘काही शंका?’ असं विचारून घड्याळाकडे पाहणं हाही त्यातलाच प्रकार. एडमंडसन आणि सहकाऱ्यांनी १६ रुग्णालयांत लहान छेदातून हृदयशस्त्रक्रिया करण्याचं नवं तंत्र कसं रुजलं, ते पाहिलं. या तंत्रात सर्जनला हृदय पूर्वीसारखं समोर दिसत नाही. पडद्यावर काय चाललं आहे, हे इतरांनी सांगावं लागतं. कुठला गट लवकर शिकला, हे रुग्णालयाच्या नावावर किंवा सर्जनच्या ज्येष्ठतेवर ठरलं नाही. माझ्या नजरेतून काही निसटू शकतं, तुम्ही सांगायलाच हवं, असं ज्या सर्जननी आधी बजावलं आणि सांगितल्यावर जे भडकले नाहीत, त्यांचे गट पुढे गेले.

कनिष्ठांनाही काही शिकवता येतं. अमेरिकेतल्या रुग्णालयांत यासाठी तीन पायऱ्यांची भाषा आहे : मला काळजी वाटते; मला हे बरोबर वाटत नाही; हे सुरक्षित नाही, थांबा. पहिल्या वाक्याने काम झालं नाही तर दुसरं, मग तिसरं. शब्द आधीच ठरलेले असल्याने ते उच्चारणं उद्धटपणा ठरत नाही, आणि ‘थांबा’ म्हटल्यावर थांबण्याचं बंधन सर्जनवरही असतं.

या साऱ्याचा परिणाम रुग्णावर आणि प्रवाशांवर होतो तसा कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या शरीरावरही होत असावा. स्टॉकहोममध्ये तीन हजारांहून अधिक नोकरदार पुरुषांचा सुमारे दहा वर्षं मागोवा घेण्यात आला. ज्यांनी आपल्या वरिष्ठाला चांगले गुण दिले होते, त्यांच्यात हृदयविकाराच्या घटना कमी आढळल्या, आणि एकाच ठिकाणी जितकी जास्त वर्षं काम, तितका हा संबंध ठळक होता. वाईट साहेबामुळेच हृदयविकार होतो, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. घटना ७४च होत्या आणि स्त्रिया अभ्यासात नव्हत्या. पण विचारलेले प्रश्न पाहण्यासारखे आहेत. कामासाठी लागणारी माहिती वरिष्ठ देतो का? त्याची नेमकी अपेक्षा काय, हे कळतं का? जबाबदारीच्या मानाने पुरेसा अधिकार मिळतो का? चांगलं काम केल्यावर शाबासकी मिळते का? त्याच यादीत, काम नीट झालं नाही तर तो तसं सांगतो का, हाही प्रश्न होता. त्याचं ‘हो’ हे उत्तर वरिष्ठाच्या बाजूने मोजलं होतं.