मूळ रंग नेमके कुठले?

लाल, पिवळा आणि निळा हे मूळ रंग, बाकीचे त्यांच्या मिश्रणातून होतात, हे चित्रकलेच्या तासाला शिकलेलं वाक्य आपण जन्मभर खरं मानतो. पण एखाद्या दिवाळी अंकाच्या रंगीत मुखपृष्ठावर भिंग धरलं, तर आकाशीकडे झुकणारे सायन, गर्द गुलाबी मॅजेंटा, पिवळे आणि काळे ठिपके दिसतात. मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर पाण्याचा बारीक थेंब पडला, की त्यात लाल, हिरवे, निळे कण चमकतात. पिवळ्याचा तिथे पत्ता नसतो. एकाच घरात मूळ रंगांची अशी वेगवेगळी त्रिकुटं नांदत असतील, तर ‘मूळ’ या शब्दाचा अर्थच तपासायला हवा. रंग तीनच पुरतात याचं कारण शाईत किंवा प्रकाशात नाही, माणसाच्या डोळ्यात आहे.

आकाशकंदिलाचे दोन जिलेटिन कागद घ्या, एक पिवळा आणि एक निळा. एकावर एक ठेवून उजेडासमोर धरले की हिरवा दिसतो. पिवळा कागद निळा प्रकाश गिळतो, निळा कागद तांबडा गिळतो. दोघांच्या तावडीतून सुटतो तो हिरवा. म्हणजे रंगद्रव्यांचं मिश्रण ही खरं तर वजाबाकी आहे. प्रकाशाची मात्र बेरीज होते: लाल आणि हिरवा झोत एकत्र पडले की पिवळा दिसतो. तीन शायांच्या छपाईचा पाया घालणाऱ्या ल ब्लाँने १७२५ च्या सुमारास हा भेद नोंदवला होता; रंगद्रव्यं मिसळली की काळ्याकडे जातात, प्रकाश मिसळले की पांढऱ्याकडे. १८०२ मध्ये थॉमस यंगने डोळ्यात तीन प्रकारचे ग्राहक असावेत असा तर्क मांडला आणि १८५२ मध्ये हेल्महोल्ट्झने बेरीज-वजाबाकीचा हिशेब स्पष्ट केला. ‘तानापिहिनिपाजा’ ही प्रकाशाची सलग पट्टी. तिला तीन खुंट्यांवर टांगतात ते आपल्या डोळ्यातले तीन प्रकारचे शंकू. कुत्र्याच्या डोळ्यात ते दोनच प्रकारचे असतात, अनेक पक्ष्यांच्या डोळ्यात चार. त्यांनी चित्रकलेचं पुस्तक लिहिलं असतं, तर मूळ रंगांचा आकडा वेगळा आला असता.

यावर कुणी म्हणेल, लाल-पिवळ्या-निळ्यावर चित्रकारांच्या पिढ्या पोसल्या, मग ते चूक कसं? ते चूक नाही, अपुरं आहे. त्या तिघांतून तजेलदार जांभळा सहसा निघत नाही, म्हणून चित्रकार दोन-दोन लाल आणि दोन-दोन निळे बाळगतात. तांबूस झाक असलेल्या अल्ट्रामरीनमध्ये पिवळा मिसळला तर हिरवा मळकट येतो. हिरवट झाकेच्या प्रशियन निळ्यातून तो खुलतो. मुंबईत १८९४ मध्ये सुरू झालेल्या राजा रविवर्म्याच्या शिळाप्रेसमध्येही तीन रंगांवर भागत नव्हतं. एकेका रंगासाठी वेगळा दगड घडवावा लागे, तेव्हा कुठे देवीच्या शालूला ती झळाळी येई. कारागिरांनी पाठातली त्रुटी हातानेच भरून काढली होती.

दुसरा आक्षेप असा, की लहान मुलांचा यात गोंधळ होईल. पण गोंधळ अर्धवट नियमाने होतो. मोठेपणी पडद्यावर हिरवा मूळ रंग म्हणून समोर आला, की लहानपणी पाठ केलेलं खोटं वाटू लागतं. त्यापेक्षा दोन बॅटऱ्यांवर लाल आणि हिरवा जिलेटिन कागद बांधून त्यांचे झोत पांढऱ्या भिंतीवर एकमेकांवर पाडावेत. तिथे उमटलेला पिवळसर डाग पाहून मूल विचारेल, “पिवळा आला कुठून?” तो प्रश्न पडला की मूळ रंगांचा पाठ खऱ्या अर्थाने सुरू झाला.