‘उद्या डिस्चार्ज आहे, सिस्टर पाठवा’

नातेवाइकांचा असा फोन नर्सिंग ब्युरोला येतो तेव्हा गळ्यात ट्रॅकिओस्टॉमीची नळी आहे, जेवण नाकातल्या नळीतून जातं, पाठीला बेडसोअर आहे, हे सगळं फोनवर सांगितलं जातंच असं नाही. असा पेशंट ब्युरोने घ्यावा का?

घ्यावा, असं माझं मत आहे. फक्त आजाराचं नाव ऐकून ठरवू नये. आधी घर बघावं. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो. वीज गेली तर आधाराला ठेवलेल्या भरलेल्या बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो. पेशंटला मिनिटाला दोन लिटर लागत असेल तर बारा तास निघतात, पाच लागत असेल तर जेमतेम पाच. हा हिशेब होकार देण्याआधी करायचा. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का, तेही तेव्हाच बघायचं. १०८ ची गाडी दारात येईल हो, पण चौथ्या मजल्यावरून पेशंटला उतरवणार कोण?

गळ्यातली नळी कफाने चोंदली तर हाताशी काही मिनिटंच असतात. सक्शन करणारी, आतली नळी काढून, साफ करून परत बसवणारी सिस्टर तिथे हवी. तिने सुट्टी घेतली तर तशीच दुसरीही हवी. ब्युरोचं घोडं इथेच अडतं. जीएनएम सिस्टर मिळत नाही आणि रात्रीची ड्यूटी रिकामी ठेवता येत नाही, मग ‘अनुभवी’ मावशी पाठवली जाते. अंग पुसणं, दर दोन तासांनी कूस बदलणं मावशी कित्येकदा सिस्टरपेक्षा निगुतीने करतात. पण न शिकवलेलं सक्शन त्यांच्या गळ्यात मारणं हा पेशंटइतकाच त्यांच्यावरही अन्याय आहे. त्यापेक्षा सरळ नकार परवडला.

अमेरिकेत मेडिकेअरखालच्या होम हेल्थ एजन्सींना १ जानेवारी २०२५ पासून पेशंट स्वीकारण्याचं लेखी धोरण ठेवावं लागतं. पेशंटच्या गरजा, हातातलं काम, कर्मचाऱ्यांची संख्या आणि त्यांचं कौशल्य यांचा विचार त्यात करावाच लागतो. आपल्याकडचा १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा खाटा मांडलेल्या जागांचा. घरी माणूस पाठवणाऱ्यांसाठी त्यात असं काही नाही.

तेव्हा चौकशी घरच्यांनीच करायची. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी सिस्टरने वॉर्डात येऊन, तिथल्या नर्ससमोर एकदा सक्शन करून दाखवावं, असं ब्युरोला सांगावं. त्यावर कां-कू झाली, तर दुसरा ब्युरो शोधावा; त्यासाठी डिस्चार्ज दोन दिवस लांबला तरी चालेल.