फिलिपचा रथ, केल्टांचा घोडा

सिकंदराचा पिता, मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप (इ.स.पू. ३५९ ते ३३६) याने पाडलेले सोन्याचे नाणे ‘स्टेटर’ या नावाने ओळखले जाते. त्याचे वजन सुमारे ८.६ ग्रॅम असून सोने जवळजवळ निर्भेळ होते. एका बाजूस लॉरेलच्या पानांची माळ ल्यालेले अपोलो देवतेचे मुख, तर दुसऱ्या बाजूस दोन घोड्यांचा रथ आणि त्याखाली ‘फिलिपचे’ अशा अर्थाची ग्रीक अक्षरे, असे त्याचे स्वरूप. या नाण्याची पत अशी की राजाच्या मृत्यूनंतरही ते त्याच्याच नावाने निघत राहिले.

मध्य व पश्चिम युरोपातील केल्टिक टोळ्यांचे स्वतःचे नाणे त्या काळी नव्हते. लढवय्ये म्हणून त्यांचा लौकिक मात्र मोठा होता. ग्रीक राजे त्यांना भाडोत्री सैनिक म्हणून ठेवीत व वेतन नाण्यांत देत. फिलिपचे सोने आजच्या फ्रान्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या गॉलमध्ये, मुख्यतः याच वाटेने पोहोचले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. डॅन्यूब नदीकाठच्या केल्टांनी त्याच राजाचे चांदीचे नाणे उचलले; त्यावर झ्यूसचे मुख व घोडेस्वार असे. इ.स.पू. तिसऱ्या शतकात गॉलमधील टोळ्या स्वतःची नाणी पाडू लागल्या, तेव्हा त्यांनी अपोलो, रथ आणि फिलिपचे नावही जसेच्या तसे ठेवले.

परक्या राजाचे नाव का ठेवावे? लोक जे नाणे ओळखतात तेच निःशंकपणे स्वीकारतात, हे त्याचे कारण. पेशवाईतील रुपयांवर मोगल बादशहाचे नाव असे आणि ईस्ट इंडिया कंपनीनेही १८३५ पर्यंत शाह आलमच्या नावाचे रुपये पाडले, ते याच व्यवहारज्ञानातून.

पुढे मात्र विलक्षण स्थित्यंतर घडले. ठसा कोरणारा कारागीर मूळ नाणे समोर न ठेवता आधीच्या नकलेवरून नक्कल करू लागला. दोन घोड्यांचा एक झाला, रथाचे केवळ चाक उरले, सारथी घोड्याच्या पाठीवर अधांतरी तरंगू लागला. अक्षरांच्या रेघोट्या झाल्या. अपोलोच्या माळेची पाने फुगत गेली आणि काही नाण्यांवर चेहराच त्यांत लोपला. ज्यांच्या नावावरून पॅरिस हे नाव पडले, त्या पॅरिसी टोळीच्या स्टेटरवर केस व गाल हे वळणावळणाच्या रेषांचे आकृतिबंध झाले आहेत.

जॉन एव्हान्स या इंग्रज विद्वानाने १८५० च्या सुमारास ब्रिटनमधील अशी नाणी क्रमाने लावून त्यांचा काळ ठरवण्याची पद्धत घालून दिली. नक्कल मुळापासून जितकी दूर तितके नाणे उत्तरकालीन, हे त्याचे सूत्र. पद्धत उपयुक्त ठरली. परंतु या बदलास ‘ऱ्हास’ म्हणण्याची सवयही तिने लावली. ती अन्यायकारक म्हणावी लागेल. सोन्याचे गळ्यातले अलंकार आणि कोरीव आरसे घडवणाऱ्या कलावंतांचा हात नाण्यापाशीच अडखळला, हे पटण्यासारखे नाही. अलंकारांवरील वळणेच नाण्यांवर उतरली आहेत.

खरा ऱ्हास झाला तो धातूचा. सोन्यात चांदी व तांबे मिसळत गेले, वजनही घटले. इ.स.पू. ५८ मध्ये ज्युलियस सीझरने गॉलमध्ये युद्ध आरंभले, त्या धामधुमीत हे विशेष जाणवते. २०१२ मध्ये जर्सी बेटावर सुमारे ७०,००० नाण्यांचा एक ठेवा सापडला. त्यांतील बहुसंख्य नाणी चांदी व तांबे यांच्या मिश्रधातूची आहेत. जवळच्या किनाऱ्यावरील कोरिओसोलिटी टोळीची ती नाणी. त्यांच्यावरही घोडा आहेच.

ब्रिटनमध्ये इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुनोबेलिन या राजाने पाडलेल्या सोन्याच्या नाण्याचे वजन सुमारे ५.४ ग्रॅम भरते. त्यावर अपोलोच्या जागी सातूचे कणीस आले, अक्षरे लॅटिन झाली आणि नाव राजाचे स्वतःचे. इ.स. ४३ मध्ये रोमन फौजा उतरल्या व काही वर्षांतच स्थानिक नाणी पाडणे थांबले. तोवर कणसाच्या मागील बाजूस फिलिपच्या रथाचा एक घोडा धावतच होता.