फळ्यावरची बिअर आणि ग्लासातला अल्कोहोल

पुण्या-मुंबईतल्या एखाद्या मायक्रोब्रुअरीत शिरले, की भिंतीवरचा फळा आधी दिसतो. हेफेवायझेन, विटबिअर, पिल्सनर, आयपीए, स्टाउट... पूर्वी बिअर म्हणजे 'माइल्ड' की 'स्ट्राँग', एवढाच प्रश्न असे. आता आठ-दहा नावांतून निवड करावी लागते आणि बहुतेक जण ती रंगावरून करतात. सोनेरी ती हलकी, काळी ती कडक! हा समज अगदी पक्का आहे आणि बऱ्याचदा चुकीचा आहे.

बिअरचा रंग येतो तो माल्टमुळे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीमुळे. त्यात जास्त भाजलेले थोडेसे दाणे मिसळले, तरी पेय कॉफीसारखे काळे होते आणि चवही तशीच लागते. अल्कोहोलचा हिशेब मात्र वेगळा. माल्टमधून किती साखर निघाली आणि त्यातली किती यीस्टने खाल्ली, यावर तो ठरतो. त्यामुळे काळीकुट्ट गिनेस ड्राफ्ट स्टाउट जेमतेम ४.२ टक्के अल्कोहोलची, तर बेल्जियमची सोनेरी वेस्टमाले ट्रिपेल तब्बल ९.५ टक्क्यांची असते.

चवीवरूनही अंदाज फसतो. आयपीएचा कडूपणा हॉप्स या वेलीच्या फुलांमधून येतो, त्याचा अल्कोहोलशी थेट संबंध नाही. गव्हाच्या हेफेवायझेनमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळेही नसते आणि लवंगही नसते. ती सगळी यीस्टची करामत. केळ्याचा वास आयसोअमिल अ‍ॅसिटेट या रसायनाचा, पिकलेल्या केळ्यातही तेच असते. विटबिअरमध्ये मात्र खरोखरच धने आणि संत्र्याची साल घालतात. लागर थंड तापमानात सावकाश आंबते, म्हणून ती स्वच्छ, साध्या चवीची. एल जरा उबेत आंबते आणि तिला फळांसारखे वास येतात. ही विविधता खरी आहे, तिचे कौतुकही व्हायला हरकत नाही. पण यकृताला यातले काहीच कळत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचते ते एकच रसायन, इथेनॉल.

त्याचे गणित सोपे आहे. ग्लासातले मिलिलिटर गुणिले अल्कोहोलची टक्केवारी, भागिले १००. येणाऱ्या आकड्याला ०.७९ ने गुणले की शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम मिळतात. अर्ध्या लिटरच्या ग्लासात ४.५ टक्क्यांची बिअर असेल, तर सुमारे १८ ग्रॅम. तोच ग्लास ७.५ टक्क्यांचा असेल, तर सुमारे ३० ग्रॅम. 'दोनच ग्लास घेतले' असे सांगणाऱ्या दोघांपैकी एकाच्या पोटात ३६ ग्रॅम गेलेले असतात, दुसऱ्याच्या ६०. दोघेही खोटे बोलत नसतात.

यकृत साधारणपणे तासाला ७ ते १० ग्रॅम अल्कोहोलचा निचरा करते. वजन, वय, स्त्री-पुरुष भेद यानुसार त्यात फरक पडतो. पण लिंबूपाणी, काळी कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. पहिल्याला मोकळे व्हायला चार-पाच तास लागतील, दुसऱ्याला सहा ते आठ किंवा त्याहूनही जास्त. मध्यरात्री संपलेला दुसरा ग्लास सकाळी ऑफिसला निघताना रक्तात असू शकतो. वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे.

काही त्रास मात्र कोणतीही शैली निवडली तरी टळत नाहीत. बिअरमध्ये प्युरिन असतात. त्यांचे शरीरात युरिक अ‍ॅसिड होते, म्हणून गाउट असणाऱ्यांना बिअर इतर मद्यांपेक्षाही जास्त त्रासदायक ठरते. बार्ली आणि गहू दोन्हींत ग्लुटेन असल्याने सीलिअ‍ॅक आजार असणाऱ्यांना ती वर्ज्यच. आणि 'क्राफ्ट बिअर नैसर्गिक, म्हणून निरुपद्रवी' हा नवा युक्तिवादही टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले, की अल्कोहोलचे कोणतेच प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही. मद्य हे माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या यादीत १९८८ पासून आहे.

तरीही जो घेणारच आहे, त्याने फळ्यावर नावाशेजारी बारीक अक्षरात लिहिलेली 'एबीव्ही' ही टक्केवारी आधी वाचावी. लिहिलेली नसेल, तर वेटरला विचारावी. नावांतही खुणा असतात. 'सेशन' म्हणजे सौम्य, 'डबल' किंवा 'इम्पीरियल' म्हणजे कडक. सगळ्या चवी पाहायच्या असतील, तर बऱ्याच ठिकाणी चाखण्यापुरते छोटे ग्लास मिळतात. सरासरी ५.५ टक्क्यांच्या चार वेगवेगळ्या बिअर १००-१०० मिलिलिटर घेतल्या, तर एकूण १७ ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल जाते. म्हणजे ७.५ टक्क्यांच्या त्या एका मोठ्या ग्लासाच्या जेमतेम निम्म्याहून थोडे जास्त.